हुरड्याचं आवतण

शिवलीला बिराजदारला चोर ठरवलं ते बोटभर लांबीच्या एका नळीनं. तेही एकशे चाळीस माणसांसमोर आणि पोटच्या लेकीच्या देखत. माणसानं चोर म्हटलं असतं तर तिनं त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. नळीला काय सुनावणार?

कंपनीनं त्या यंत्राला भलंमोठं इंग्रजी नाव दिलं होतं, पण सोलापूरच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याची 'फुंकणी' करून टाकली. सकाळ, दुपार, रात्र अशी तीनदा तिच्यात फुंकर मारायची. गेल्या काही तासांत पोटात साखर गेली असेल तर फुंकणी लाल व्हायची आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनवर तसा निरोप जायचा. नसेल गेली तर हिरवी, आणि फोनवर एकच शब्द यायचा, 'निरंक'. फुंकणी आल्यापासून वजन उतरवणारे डॉक्टर पेशंटच्या तोंडावर विश्वास ठेवेनासे झाले होते. श्वास खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. पुण्याचे डॉ. निरंजन सबनीस तर हे वाक्य आपणच जन्माला घातल्याच्या थाटात म्हणत.

सबनीसांच्या केंद्राचं नाव 'निग्रह', आणि राज्यात त्याच्या बावीस शाखा. महिन्यातून एकदा ते सोलापूरला सभा घ्यायला येत. पन्नाशीचा शेलाटा माणूस, अंगावर पांढरा सदरा, आवाज कीर्तनकारासारखा कमावलेला. सभेच्या सुरुवातीला ते स्वतः फुंकणीत फुंकत. मागच्या पडद्यावर हिरवा आकडा उमटे, इतके दिवस निरंक, आणि टाळ्यांचा कडकडाट होई. मग ज्यांची फुंकणी महिन्यात वारंवार लाल आली असेल त्यांची पाळी. त्यांनी उभं राहून जेवणाची वही मोठ्यानं वाचायची, आणि शेवटी म्हणायचं, 'माझी जीभ माझ्या ताब्यात नाही.' हे म्हटल्याशिवाय खाली बसायचं नाही, असा नियम होता.

शिवलीलाला पीसीओएस होता. हा विकार अंडाशयाचा म्हणून ओळखला जातो, पण घोळ सगळ्या शरीराचा असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून आणखी इन्सुलिन ओतत राहतं, आणि रक्तात ते फार झालं की चरबी साठते, ती हलायचं नाव घेत नाही. पाळी तीन-तीन महिने दडी मारते, हनुवटीवर केस येतात, आणि दुसरी बाई जे खाऊन तशीच राहते तेच खाऊन ही फुगते. लोकांना मात्र फुगलेलं अंगच दिसतं. ते बघून प्रत्येकाला वाटतं, खात असणार.

आणि ही बाई खाणार तरी कधी? पहाटे पाचला उठून गच्चीवर पाऊण तास चालायचं, मग चार डबे, सासूबाईंच्या गोळ्या, लेकीची वेणी, मग चिंचोळीच्या एमआयडीसीत आठ तास नोकरी, परत येताना भाजी, रात्रीचा स्वयंपाक. यातून वेळ काढून तिनं पाच महिने वही लिहिली होती. तिचा भाऊ मंगळवेढ्याहून ज्वारी पाठवायचा. पोळीनं पोट फुगतं म्हणून ती दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खायची. भाकरी, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे. चहा बिनसाखरेचा. पाच महिन्यांत वजन चार किलो उतरलं होतं, आणि ज्यांना हा विकार आहे त्यांनाच कळेल की त्या चार किलोंसाठी काय मोजावं लागतं.

त्या सभेत सबनीसांनी तिची वही वाचून घेतली. तिनं सांगितलं, साखरेचा कणही तोंडात घातलेला नाही, घरात कुणालाही विचारा. त्यावर ते प्रेमळपणे हसले.

"बिराजदारताई, वहीत काहीही लिहिता येतं. भाकरी उत्तमच आहे, पण भाकरीनं फुंकणी लाल होत नाही. चहात घालता, का मुलीच्या खाऊतलं उचलता?"

सभा हसली. मग त्यांनी आपला ठेवणीतला विनोद काढला. रत्नागिरीच्या शाखेत लाल कशी ती दिसत नाही. सोलापूरची चटणी तिखट, पण इथल्या बायका मात्र चोरून गोड खातात. सभा पुन्हा हसली. शिवलीला पाच मिनिटं तशीच उभी राहिली. शेवटी तिनं ते वाक्य म्हटलं. म्हणताना तिची नजर तेरा वर्षांच्या ईश्वरीकडे गेली. पोरीनं मान खाली घातली होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. घरी सासूबाईंनी साखरेचा आणि गुळाचा डबा आपल्या कपाटात नेला आणि किल्ली कमरेला खोचली. शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नवरा मल्लिनाथ, चादरींच्या दुकानात गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून मऊ झालेला माणूस, रात्री म्हणाला, "तुला जमत नसेल तर सांग की. मी काय रागावणार नाही. पण खोटं कशाला?" त्याच्या त्या समजूतदारपणाचा तिला डॉक्टरच्या विनोदापेक्षा जास्त संताप आला.

एकटी ईश्वरी तिच्या बाजूची होती. आजीशी ती कडाकडा भांडली, आई नाही म्हणतेय म्हणजे नाही, असं म्हणाली. पण हा विकार आईकडून मुलीकडे येऊ शकतो म्हणून सबनीसांनी तिलाही फुंकणी लावली, आणि शाळेतला डबा खाल्ला की तिचीही लाल होऊ लागली. एके दिवशी तिनं आईला हळूच विचारलं, "तू भाकरीत काय घालत नाहीस ना?" शिवलीलानं तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पोरगी बरं म्हणाली, पण त्या दिवसापासून डब्यात अर्धी भाकरी परत येऊ लागली. शिवलीलाला बाकी कशाचं काही नव्हतं. जग म्हणू दे चोर. लेकीनं आपल्या हातचं टाकू नये, एवढंच तिला हवं होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. अन्नातली भेसळ तपासणारी ती खासगी प्रयोगशाळा होती आणि शिवलीला तिथे चौदा वर्षं रसायनतज्ज्ञ होती. यंत्र मधासाठी होतं. ते बसवायला सुधाकरन नावाचा पालक्काडचा इंजिनिअर आला होता, बोलका आणि कामात चोख. त्यानं समजावून सांगितलं ते असं:

हवेतल्या कार्बनचे दोन भाऊ असतात, एक हलका आणि एक किंचित जड. बहुतेक झाडं हवेतून कार्बन घेताना जड भावाला शक्यतो दाराबाहेर ठेवतात. ऊस आणि मका यांची कार्बन पकडायची रीत निराळी आहे; ती जड भावालाही बऱ्यापैकी आत घेतात. म्हणून उसाच्या साखरेत जड कार्बन जास्त आणि फुलांच्या मधात कमी. मधात उसाचा पाक मिसळला की लेझरच्या उजेडात तो लपत नाही. आणि माणूस जे खातो ते शरीरात जळून श्वासावाटे बाहेर पडतं, तेव्हा तोच शिक्का घेऊन बाहेर पडतं.

"तुमच्या त्या वजनाच्या नळीतही हाच लेझर आहे, मॅडम," तो म्हणाला. "कंपनी एकच. जड कार्बन दिसला की साखर समजायचं."

शिवलीलाच्या हातातला पेन थांबला. तिनं विचारलं, आणि ज्वारीत?

सुधाकरननं विचारलं, ज्वारी म्हणजे काय? त्याच्या घरी जन्मभर भात. आणि नळी जिथे बनली तिथली माणसं गहू आणि बटाटे खाणारी. तिथे ताटात जड कार्बन येतो तो साखरेतून किंवा मक्याच्या पाकातून. तिकडे हा हिशेब बरोबरच होता.

तिनं डबा उघडला, भाकरीचा नखाएवढा तुकडा तोडला आणि यंत्रात ठेवला. शेजारी साखरेचे चार दाणे, आणि साहेबांच्या डब्यातल्या पोळीचा एक कपटा. पोळीचा आकडा उणे सव्वीस आला, म्हणजे जड कार्बन कमी. साखरेचा उणे बारा. भाकरीचाही उणे बारा. ज्वारी उसाच्या घराण्यातली निघाली होती. भाकरी खाणारी प्रत्येक बाई साखरचोर होती, आणि भात खाणारी रत्नागिरी साध्वी!

ती खुर्चीत बसली आणि हसली. मग बाथरूममध्ये जाऊन रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा तिच्या मनात राग सोडून काही उरलं नव्हतं.

एक ईमेल पुरला असता. सबनीसांना आकडे पाठवले असते तर महिन्याभरात कंपनीनं दुरुस्ती केली असती. पण पुढचं तिला स्पष्ट दिसत होतं. सबनीस तो शोध आपल्या नावावर खपवणार, व्यासपीठावरून 'विज्ञान सतत शिकत असतं' असं म्हणणार, टाळ्या घेणार आणि पुण्याला जाणार. ती उभी राहिली तसा तो माणूस उभा राहणार नव्हता. तिला तो तसाच उभा हवा होता, त्याच वाक्यासकट. काट्यानं काटा काढायचा तर काट्याची वाट बघावी लागते. आणि जानेवारी तोंडावर होता, म्हणजे हुरड्याचा महिना.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली आणि व्हिडिओ कॉलवर सबनीसांसमोर रडली. होय, मी साखर खात होते, असं म्हणाली. लेकीच्या डब्यातही चिमूटभर गूळ घालत होते, तिला आवडतो म्हणून. हे बोलताना कॅमेरा चालू होता याची तिला कल्पना होती. केंद्र असे कबुलीजबाब सगळ्या शाखांना दाखवत असे. सबनीसांचा आवाज भरून आला. प्रायश्चित्त म्हणून तिनं आवतण दिलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी भावाच्या मळ्यात हुरडा करू, सगळी शाखा येईल, सभा तिथेच घ्यावी, डॉक्टरांचा पाहुणचार करायची संधी द्यावी. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तेव्हा भरात असते, पुण्याच्या माणसाला तीही बघायला मिळेल. सबनीसांनी लगेच होकार दिला. पश्चात्ताप झालेली बाई आणि मागे ज्वारीचं शेत, यापेक्षा चांगलं चित्र त्यांना कुठे मिळणार होतं?

ती ध्वनिचित्रफीत ईश्वरीनं त्याच संध्याकाळी पाहिली. आजीशी तिचं भांडण त्या दिवसापासून बंद झालं.

दुसऱ्या दिवशी डबा भरलेला परत आला. तिसऱ्या दिवशीही. घरातही पोरगी आजीनं काढून दिलेला वाटीभर भात खायची आणि उठायची. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. शिवलीलानं तिला शाळेतून घरी आणलं. लिंबूपाणी पाजताना 'सांगून टाकावं' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण पोरीला सांगितलं की ती बापाला सांगणार, बाप भोळा, तो डॉक्टरला फोन करून माफी मागायला लावणार, आणि सगळं मुसळ केरात. अजून बारा दिवस, असं तिनं स्वतःला समजावलं. मग आठ. मग चार. रोज रात्री ती भरलेला डबा गाईच्या टोपलीत रिकामा करायची आणि मनातल्या मनात सबनीसांना शिव्या घालायची, जणू भाकरी टाकायला त्यांनीच सांगितलं होतं.

रविवारी सकाळी नऊला सबनीस मळ्यात आले. भावानं आगटी पेटवून ठेवली होती, शिवलीलाच्या घरची मंडळीही आधीच पोचली होती. निखाऱ्यात कणसं खरपूस भाजायची, गरमागरम चोळायची, पाखडून हिरवा लुसलुशीत दाणा पानावर वाढायचा. सोबत शेंगाचटणी, दही आणि गूळ. सबनीसांनी कॅमेऱ्याकडे बघत गुळाची वाटी दोन बोटांनी दूर सारली. लोकांनी वाहवा केली. शिवलीला वाढायला पुढे झाली.

"डॉक्टर, अजून एक मूठ घ्या की. कोवळा आहे, त्रास नाही होणार."

त्यांनी घेतला. पुन्हा घेतला. एरवी ते तुपातले दोन फुलके खाणारे. हुरडा त्यांनी असा ताजा कधी खाल्लाच नव्हता. साडेदहाला तिनं चुलीवरची कडक भाकरी आणि वांगं आणलं, तेही त्यांनी मागून घेतलं. एवढ्या प्रेमानं तिनं आजवर कुणालाच वाढलं नव्हतं. प्रत्येक घास त्यांच्या घशाखाली उतरताना ती बघत होती, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

एक वाजता सभा सुरू झाली. पडद्यावर सहाशे अकरा दिवसांचा हिरवा आकडा झळकला. सबनीसांनी फुंकणी ओठांना लावली.

लाल.

ते हसले, यंत्र झटकलं, दुसरी फुंकणी मागवली. पुन्हा लाल, आणि आधीपेक्षा गडद. आकडा सहाशे अकरावरून शून्यावर आला. शामियान्यातल्या माना पडद्यावरून डॉक्टरांकडे वळल्या.

"मी काहीही गोड खाल्लेलं नाही," सबनीस म्हणाले. "तुमच्यासमोर बसलो होतो. मी फक्त हुरडा खाल्ला. भाकरी खाल्ली."

शिवलीला उठली आणि तिनं माईक हातात घेतला. तिचा आवाज अगदी शांत होता.

"डॉक्टर, भाकरीनं फुंकणी लाल होत नाही. गाडीत काही ठेवलंय का?"

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. सबनीस आईची शपथ घेऊ लागले. शिवलीलानं सांगितलं की शपथ तिनंही घेतली होती, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. आता नियमाप्रमाणे वाक्य म्हणा. ते नाही म्हणाले. त्यावर निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या हत्तुरेबाई, ज्यांनी स्वतः तीनदा ते वाक्य म्हटलं होतं, उभ्या राहिल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. मग सगळ्या बायका उभ्या राहिल्या. बावीस शाखांत हे थेट दिसत होतं. सबनीसांच्या कपाळावर घाम आला, मान खाली गेली, आणि ते पुटपुटले, "माझी जीभ माझ्या ताब्यात नाही."

"ऐकू आलं नाही," शिवलीला म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटलं. त्यानंतर तिनं सगळं सांगितलं: दोन भाऊ, ऊस, ज्वारी, उणे बारा. प्रयोगशाळेचा कागद पडद्यावर लावला. आपला कबुलीजबाब खोटा होता आणि डॉक्टरांना इथवर आणण्यासाठी होता, हेही सांगितलं. आधी बायका हसल्या. मग एकेकीला आपापलं आठवू लागलं तसं हसू मावळलं. कुणाच्या नवऱ्यानं दोन महिने बोलणं टाकलं होतं, कुणाला सासरी स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नव्हते. हत्तुरेबाईंनी आपली फुंकणी आगटीत टाकली, आणि मग एकामागून एक टाकायची रांग लागली. सबनीसांची गाडी कधी निघाली ते कुणी पाहिलंही नाही. मल्लिनाथ दोनदा जवळ आला आणि दोन्ही वेळा उगाच खुर्च्या सरकवून गेला. सासूबाईंनी किल्ली सोडून तिच्या हातात दिली. शिवलीलाला वाटलं होतं तसंच सगळं झालं, किंबहुना जास्तच चांगलं झालं.

ईश्वरी बांधावर एकटी बसली होती. शिवलीलानं तव्यावरची भाकरी उचलली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि तिच्याकडे गेली. पोरीची मनगटं किती बारीक झाली आहेत ते तिला आज उन्हात पहिल्यांदा नीट दिसलं.

"खा आता," ती म्हणाली. "बिनघोर खा."

ईश्वरीनं भाकरीकडे पाहिलं. "तुला कधी कळलं हे?"

"नाताळाच्या सुट्टीच्या सुमाराला."

"म्हणजे कबूल केलंस तेव्हा माहीत होतं."

"हो."

"मी शाळेत पडले तेव्हापण."

शिवलीलानं भाकरीवरचं लोणी बोटानं सारखं केलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

तू बाबांना सांगितलं असतंस, असं शिवलीला म्हणाली. बोलतानाच तिला कळलं की हे उत्तर घरात तिनं शंभर वेळा स्वतःला दिलं होतं आणि तिथे ते बरोबर वाटत होतं.

"मी तुझ्याकडून भांडत होते," ईश्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "एकटी मीच. तू म्हणालीस गूळ घालत होते, तर मी ते खरं मानलं. तुझं मानायचं नाही तर कुणाचं मानायचं? त्या माणसाला पकडायला तू मला उपाशी ठेवलंस, आई."

शामियान्यातून बायका शिवलीलाला हाका मारत होत्या. त्यांना तिच्यासोबत फोटो काढायचा होता. तिचा सूड पुरा झाला होता, एवढासाही कमी राहिला नव्हता, आणि सबनीसांबद्दल तिला आताही काडीचा पस्तावा नव्हता. पण हातातली भाकरी गार होत चालली होती आणि समोरची मुलगी ती घेत नव्हती.

"भूक लागली असेल," ती कशीबशी म्हणाली.

"लागलीय की." ईश्वरीनं उठून फ्रॉकची माती झटकली. "घरी गेल्यावर मी माझी मी करून घेईन."

ती बांधावरून गाडीकडे चालू लागली. तिला अजून धड भाकरीचं पीठ मळता येत नव्हतं. पीठ किती घ्यायचं, पाणी केवढं, हे शिवलीलाला तिला सांगायचं होतं, पण पोरीनं मागे वळून विचारलं नाही.